अॅनिव्हर्सरी? या वेळी नगरलाच!

लग्नाचा वाढदिवस नेमका वीकएण्डला आलाय. तिला गोवा हवाय, त्याला महाबळेश्वर. कुठेही गेलात तरी शुक्रवारी रात्री निघायचं, ट्रॅफिकमध्ये अडकायचं, दोन दिवस फोटो काढत पळायचं आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत ऑफिसला हजर! सेलिब्रेशन कमी, दमणूक जास्त. त्यातून दोघांपैकी एक जण पुण्यातल्या आयटी कंपनीत आणि दुसरा नगरच्या एमआयडीसीत असेल तर बोलायलाच नको. एकशेवीस किलोमीटरचा संसार! अशा जोडीला आठवड्यात एकत्र मिळतात ते दोनच दिवस. तेही गाडीत घालवायचे?

त्यापेक्षा या वेळी बॅग भरूच नका. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचं अहिल्यानगर, अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं. बाहेरचे लोक ते बघायला येतात. आपण मात्र शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेलो नसतो. तेव्हा नियम दोनच. दिवसाला दोन ठिकाणं, एक त्याच्या पसंतीचं, एक तिच्या. आणि मोबाइल फक्त फोटोपुरता!

शनिवार : रणगाडे, भाकरी आणि साडी

सुरुवात सोलापूर रस्त्यावरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमपासून करा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून आपल्या ‘विजयंता’पर्यंत अनेक रणगाडे उघड्यावर उभे आहेत. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटनही इथे बघायला मिळतो. ‘अॅनिव्हर्सरीला रणगाडे?’ असं म्हणत नाक मुरडणारेही पॅटनसमोर थांबतातच.

दुपारी मल्टिक्युझिन मेन्यूकार्ड बाजूला ठेवा. ज्वारीची गरम भाकरी, मासवडी आणि तिच्यासोबत झणझणीत रस्सा, नाहीतर हुलग्याचे शेंगोळे, तोंडी लावायला ठेचा आणि कांदा. हे कुठे चांगलं मिळतं ते गूगलला नको, ऑफिसातल्या नगरकर सहकाऱ्याला विचारा. थंडीचे दिवस असतील तर प्रश्नच मिटला. एखाद्या ओळखीच्याच्या शेतावर हुरड्याला जा. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. याहून रोमँटिक लंच कोणतं?

संध्याकाळ तिची. कापड बाजारात चालतच जा. लग्नाचा बस्ता याच बाजारात बांधला असेल, तर तेव्हा सोबत दोन्हीकडची मिळून पंधरा माणसं होती. आता दोघंच आहात. साडी तिने निवडायची, शर्टही तिनेच. बिल कोणी द्यायचं, ते घरी ठरवा!

रविवार : किल्ला आणि डोंगर

सकाळी भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशा नेत्यांना इथे डांबलं. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, हे सगळ्यांना पाठ असतं. आझादांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ते इथे कैदेत असताना तिकडे कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम आजारी पडली. बातमी आली, पण सरकारपुढे हात पसरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ९ एप्रिल १९४३ ला ती गेली. शेवटची भेट झालीच नाही. ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात, इथेच लिहिलेल्या पत्रांमध्ये, त्यांनी हे दुःख मांडलंय.

ही गोष्ट ऐकल्यावर ‘या आठवड्यात जमणार नाही, रिलीज आहे’ हे वाक्य जरा वेगळंच ऐकू येतं. आपल्याला तर कुणी कोंडलेलं नाही. शनिवारची सुट्टी आपणच कॉन्फरन्स कॉलला देऊन टाकतो.

दुपारी घरी मस्त झोप काढा. उन्हं उतरली की पाथर्डी रस्त्याने ‘चांदबीबी महाला’कडे निघा. नाव तिचं असलं, तरी ही कबर आहे निजामशाहीचा मंत्री सलाबतखानाची! मुघलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी लोकांच्या मनात इतकी बसली, की वास्तूलाही तिचंच नाव चिकटलं. शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावरची ही अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. नक्षीकाम जवळपास नाही, पण कमानीत उभं राहिलं की भन्नाट वारा आणि खाली पसरलेलं सगळं नगर. पाणी आणि जॅकेट बरोबर असू द्या, कचरा परत आणा आणि अंधार पडायच्या आत उतरा.

हिशेब कराल तर पेट्रोल, दोन जेवणं आणि एक साडी. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या भाड्यात सगळं बसेल. साडी पैठणी नसेल तर!

सोमवारी पहाटे पुण्याची गाडी पकडायची आहेच. पण रविवारची रात्र अख्खी तुमची. आणि पुढच्या वेळी वाढदिवसाची वाट बघू नका. महिन्यातला एक शनिवार आत्ताच कॅलेंडरवर मार्क करून टाका. मीटिंग म्हणून!