फ्रान्समध्ये जेवताना : बिल का येत नाही?

आम्ही पहिल्यांदा फ्रान्समध्ये जेवायला बसलो, तेव्हा जेवण आटोपून पाऊण तास बिलाची वाट बघत बसलो होतो. वेटर समोरून ये-जा करतोय, पण बिल काही आणत नाही. आमची चिडचिड सुरू! नंतर उलगडलं, की तिथे न मागता बिल आणणं म्हणजे 'आता उठा' असं सुचवणं. तो बिचारा आमचा मान राखत होता.

बहुतेक गैरसमज असेच होतात. आपल्याला जो तुसडेपणा वाटतो, तो तिथला शिष्टाचार असतो. आणि उलटंही होतं. आत शिरल्यावर आधी 'बोंजूर' न म्हणता थेट 'दोन कॉफी' म्हटलं, तर उद्धट आपण ठरतो.

आता वेळ बघा. दुपारचं जेवण साधारण 12 ते 2, रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. 'मेन्यू' म्हणजे ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थांचं जेवण. सगळ्या पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' मागायचं. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. चीज येतं मुख्य पदार्थानंतर, गोडाच्या आधी. कॉफी अगदी शेवटी.

पाव मात्र जेवणभर असतो. तो ताटलीत नव्हे, बहुधा टेबलावरच ठेवतात आणि हाताने तोडून खातात. 1993 च्या सरकारी नियमानुसार 'त्रादिस्याँ' पावात कृत्रिम मिश्रणं चालत नाहीत.

'कराफ दो' म्हटलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे टिप ऐच्छिक.

शाकाहारी मंडळींनी जरा जपून. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा अर्क असतो, सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, आणि रोकफोर, कोंते ही चीजं प्राण्यांच्या जठरातल्या विरजणाने बनतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका. मांस, मासे, अर्क असं एकेक नाव घेऊन विचारा.

2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनाला वारसा मानलं, ते एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर सणासमारंभाला एकत्र बसून निवांत जेवण्याच्या प्रथेसाठी. म्हणून घाई करू नका. उठायचं असेल तेव्हा वेटरकडे बघून म्हणा, 'लादिस्याँ, सिल वू प्ले'. बिल लगेच येईल!