चिठ्ठी टाकून पारख : शेतात आणि दवाखान्यात



ऊसतोड सुरू झाली की पारावर एक बोलणं हमखास कानावर येतं. "अमक्यानं तमकं औषध फवारलं आणि एकरी दहा टन जादा काढलं!" दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच बाटलीला गर्दी. आम्हीही या गर्दीत उभे राहिलो आहोत, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. आणलेली बाटली आम्ही विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यात मारली, माळाकडचा मुरमाड तुकडा तसाच ठेवला. टनेज अर्थातच काळ्या तुकड्यात जास्त आलं. पण ते बाटलीचं की जमिनीचं? तो तुकडा तर दरसाल जास्तच देत होता! हा साधा प्रश्न आम्हाला सुचला तो पैसे मोजून झाल्यावर.

शेतातून निघालेली युक्ती

या प्रश्नाचं उत्तर शेतीतच सापडलं आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू आहेत. १९१९ साली तेथे रोनाल्ड फिशर नावाचे गणिती कामाला लागले. त्यांच्या पुढ्यात वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. पण अडचण तीच, आपल्या काळ्या आणि मुरमाड तुकड्याची. एकाच रानात दहा पावलांवर जमीन बदलते. मग फरक खताचा की मातीचा, हे ओळखायचं कसं?

फिशर यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रानाचे लहान लहान वाफे करा. प्रत्येक खत अनेक वाफ्यांत द्या. आणि कोणत्या वाफ्याला काय द्यायचं ते मनानं ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण माणसाचा हात आवडत्या औषधासाठी नकळत चांगल्या तुकड्याकडेच जातो. चिठ्ठीला आवड-नावड नसते. १९२५ आणि १९३५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकांमुळे ही पद्धत जगभर पसरली.

तीच युक्ती रोग्याच्या खाटेपाशी

दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले. ब्रिटनमध्ये ते फार थोडे होते, सर्वांना पुरण्यासारखे नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी सुचविले की मग त्याची नीट पारख तरी करू. बंद पाकिटांतून निघेल त्याप्रमाणे ५५ रोग्यांना औषध व विश्रांती, आणि ५२ रोग्यांना त्या वेळचा नेहमीचा उपचार, म्हणजे नुसती विश्रांती. छातीचे फोटो तपासणाऱ्यांनाही कोणता रोगी कोणत्या गटातला हे सांगितले नव्हते. १९४८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ रोगी दगावले, दुसऱ्या गटात १४. औषध गुणकारी होते हे सिद्ध झाले. पण त्याच प्रयोगात हेही दिसले की काही महिन्यांनी जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून पुढे एका औषधावर न थांबता दोन-तीन औषधे एकत्र देऊ लागले. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच हिशेबात उमगलं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून मोलाचं. घरात क्षयाचा रोगी म्हणजे सॅनेटोरियम, आणि तिथं जागा नाही म्हणून हाल. १९५६ साली मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तेथे रोगी चिठ्ठीनेच दोन गटांत विभागले; निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे स्वतःच्या घरी. औषधे तीच, मुदत एक वर्षाची. घरी दाटी, आहार बेताचा, आराम कमी. तरीही १९५९ साली छापलेला निकाल सांगतो की घरच्या रोग्यांनाही जवळजवळ तितकाच गुण आला, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. घरी राहून क्षयाच्या गोळ्या घेण्याची वाट या निकालानं मोकळी झाली. किती कुटुंबांची फरफट त्यामुळे वाचली असेल!

सातारच्या मातीतला माणूस

या शास्त्रात आपल्या मातीचाही वाटा आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला शिकून आल्यावर त्यांनी पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध रूप दिलं. गाव, शेत आणि शेतातला तुकडा, सारं चिठ्ठीनं निवडायचं. त्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेची ताटं हिशेबात ओढली जातात. पुढे ते जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

आपण काय करायचं?

माती परीक्षणाला नमुना घेताना आपण बांधाकडची आणि उकिरड्याजवळची माती टाळतो, साऱ्या रानातून नागमोडी फिरून माती गोळा करतो. हेही संख्याशास्त्रच! तेवढीच शिस्त नव्या औषधाला लावायची.

एकसारख्या रानात शेजारी-शेजारी दोन तुकडे, अशा आठ जोड्या आखाव्यात. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला औषध द्यावं, दुसऱ्याला नाही. पाणी, खत, बेणं सारखंच. तोडीला प्रत्येक तुकड्याचा ऊस वेगळा वजन करून वहीत लिहावा. आता हिशेब बघा. औषधात काहीच दम नसेल तरी आठांपैकी सहा किंवा जास्त जोड्यांत ते सरस दिसण्याचा योग साधारण सात वेळांत एकदा येतो. म्हणजे सहा जोड्यांवर हुरळून जाऊ नये. आठही जोड्यांत सरस ठरलं, तर असा नुसता योगायोग २५६ वेळांत एकदाच. मग बाटलीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र जादा उसाच्या पैशातून बाटलीचा आणि मजुरीचा खर्च सुटतो का, हेही त्याच वहीत मांडावं.

यात खर्च म्हणाल तर एक नाणं, एक वही आणि तोडीच्या वेळची थोडी दगदग. पारावरची गोष्ट ऐकायला गोड असते, पण उसाचं बिल वजनावरच निघतं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "एकरी दहा टन जादा" म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा : "शेजारचा तुकडा कुठंय?"