सेक्टर १७ ते पिंजौर

केंद्र : १९५०च्या दशकात ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या चंदीगडचे व्यापारी हृदय म्हणजे सेक्टर १७. मध्ये पादचारी चौक, भोवती चार मजली काँक्रीट इमारती.

दर्शनी शिस्त : मालक वेगळे असले तरी खांबांची रांग आणि पुढचा व्हरांडा सारखाच. दुकानदाराला मुभा मुख्यतः आतल्या रचनेत. ऊन-पावसात ग्राहकाला सलग सावली मिळते.

परीघ : शहराभोवतीच्या बेसुमार बांधकामाला आवर घालण्यासाठी १९५२चा परीघ नियंत्रण कायदा आला. त्याची हद्द शहराभोवती आधी ५ मैल, १९६२ पासून १० मैल.

केंद्र सरकले : २०१३ मध्ये औद्योगिक क्षेत्रात एलांते मॉल उघडला आणि सेक्टर १७ची गर्दी विभागली गेली.

पिंजौर : चंदीगडपासून सुमारे २० किलोमीटरवर, कालका-सिमल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथला एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्या आवारातील जमिनीवर सफरचंद बाजाराची योजना आली.

धडा : पिंजौरची सतराव्या शतकातील मुघल बाग उतारावर सात टप्प्यांत उतरते. बाजाराच्या नव्या इमारतींनीही जमिनीचा उतार आणि सेक्टर १७सारखी पादचाऱ्याची सावली जपायलाच हवी.