एक मोटार, अनेक चालक : विमा सवलतीचे जतन

घरात मोटार एक आणि ती चालविणारे अनेक, हे चित्र आता खेडोपाडीही दिसते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजेच ‘नो क्लेम बोनस’, ही वाहनाची नसून विमाधारकाची असते, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. मोटार वडिलांच्या नावे असेल, तर मुलाच्या हातून झालेल्या नुकसानीचा दावा करताच वडिलांची सवलत शून्यावर येते.

ही सवलत आपल्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीच्या हप्त्यावरच मिळते. त्रयस्थांसाठीच्या सक्तीच्या विम्यावर नाही. सलग दावारहित वर्षांनुसार ती २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के होते. समजा, हा हप्ता ६,००० रुपये व सवलत ५० टक्के आहे. अडीच हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा केल्यास, हप्ता तोच राहिला तरी, सवलत पूर्ववत होईपर्यंत एकूण ७,५०० रुपये अधिक भरावे लागतील.

मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास सवलत संपुष्टात येते. मोटार विकल्यास कंपनीकडून सवलतीचे प्रमाणपत्र घ्यावे. ते तीन वर्षांपर्यंत नव्या मोटारीसाठी उपयोगी पडते. विमाधारकाच्या निधनानंतर वाहन पती वा पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्या ताब्यात गेल्यास सवलतही त्यांना मिळते.

किरकोळ खर्च स्वतः सोसणे हिताचे. तथापि, कोणास इजा झाली असल्यास सवलतीच्या मोहाने अपघात दडवू नये. जखमीस मदत करून पोलिसांना व विमा कंपनीस कळविणे, हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे.