राजाबाई मनोऱ्यातील घंटा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील वाचकांना शहागंजचा घड्याळाचा मनोरा परिचित आहे. मात्र मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा वेळ दाखवण्यावर थांबत नसे, तर आपल्या घंटांवर धुनाही वाजवत असे. निरनिराळ्या स्वरांत ओतलेल्या घंटांचा जो संच एखाद्या वाद्याप्रमाणे वाजवता येतो, त्याला ‘कॅरिलॉन’ म्हणतात. काटेकोर व्याख्येनुसार त्यात किमान २३ घंटा असाव्या लागतात; राजाबाईच्या संचात १६ घंटा असल्याने त्याला त्या नावाने ओळखणे ही थोडी सैल भाषा झाली. अशा स्वयंचलित संचात फिरत्या पिंपावरील खुंट्या क्रमाने तरफा उचलतात, तरफांच्या तारांनी हातोडे हलतात आणि घंटा जागची न हलता निनादते.

हा मनोरा शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला असताना, १८६४ साली, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले; पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांसह असंख्य व्यापारी बुडाले. १८६९ मध्ये पायाभरणी झालेला हा मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला, तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हयात नव्हते, आणि मुंबई तर त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मनोऱ्याला मिळाले. त्या दृष्टिहीन व धर्मनिष्ठ जैन असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना घंटानादावरून कळे, अशी आख्यायिका सांगितली जाते.

या घंटांवर मात्र वाजत ते साम्राज्याचे सूर. एकूण १६ धुनांत ‘गॉड सेव्ह द किंग’ व ‘रूल ब्रिटानिया’ यांचा समावेश होता आणि धून दिवसातून चारदा बदलत असे. एका जैन मातेच्या स्मारकातून परक्या सत्तेचे स्तवन ऐकू यावे, ही विसंगती त्या काळाचे नेमके रूप दाखवते.

२०१३ ते २०१५ या काळात इमारतीचे जतनकार्य झाले आणि २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून तिला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. दगड आणि रंगीत काचा यांच्याइतकाच घंटांचा स्वरही वारसा आहे, आणि आता दर पंधरा मिनिटांनी वाजणाऱ्या एकाच धुनेपुरता तो मर्यादित राहणे हे त्या यंत्रणेच्या क्षमतेला न्याय देणारे नाही.