अटकेची वेळ

26 ऑगस्ट 1986 रोजी कोलकात्याहून सरन्यायाधीशांच्या नावे एक पत्र निघालं. पाठवणारे होते डी. के. बसू, पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या ‘लीगल एड सर्व्हिसेस’ या संस्थेचे कार्याध्यक्ष. त्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘टेलिग्राफ’, ‘स्टेट्समन’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’ यांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या छापून आल्या होत्या. बसूंनी त्यांकडे बोट दाखवलं. अशी प्रकरणं दडपली जातात, म्हणून करणाऱ्याला शिक्षा होत नाही आणि गुन्हा फोफावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कोठडीतल्या वागणुकीचे नियम ठरवा आणि मृताच्या घरच्यांना भरपाई कशी द्यायची ते सांगा, एवढंच मागणं.

साध्या पत्रावर देशाचं सर्वोच्च न्यायालय हलतं, हे तेव्हा नवं राहिलं नव्हतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मे 1982मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात 15 महिला कैद्यांशी बोलून असंच पत्र लिहिलं होतं. पोलिसांच्या लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं त्यांपैकी पाच जणींनी सांगितलं होतं. त्या पत्राची याचिका झाली आणि महिलांसाठी वेगळं लॉकअप, पहाऱ्याला महिला पोलीस असे आदेश 1983मध्ये निघाले. बसूंचं पत्रही फेब्रुवारी 1987मध्ये याचिका म्हणून दाखल झालं. पश्चिम बंगाल सरकारने उत्तरादाखल दिलेल्या प्रतिज्ञापत्राचा सूर होता, पोलीस काही लपवत नाहीत, याचिकाच दिशाभूल करणारी आहे. सरकारं बहुधा असंच लिहितात.

पण कोलकात्याच्या माणसाला हे पटवणं अवघड होतं. शहर पोलिसांचं मुख्यालय लालबाजारमध्ये आहे आणि नक्षलवादी चळवळीच्या काळात त्या नावाचीच दहशत होती. जुलै 1974मध्ये अर्चना गुहा या शाळेच्या मुख्याध्यापिकेला पकडून तिथे नेलं गेलं. कोठडीत इतका छळ झाला, की सुटल्या तेव्हा त्यांच्या पायांत चालण्याचं बळ नव्हतं. उपचारांसाठी त्यांना पुढे डेन्मार्कला कोपनहेगनपर्यंत जावं लागलं. 1977मध्ये त्यांनी अधिकारी रुणू गुह नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध फिर्याद केली. नंतरची वर्षं तारखांत, स्थगितीत आणि वरच्या कोर्टाच्या चकरांत गेली. दरम्यान राज्यात सत्ता डाव्या आघाडीकडे आली होती, तरी नियोगींच्या बढत्या थांबल्या नाहीत. 1996मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. शिक्षा झाली एक वर्षाची. एकोणीस वर्षं कोर्टाची पायरी झिजवणं प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणून मार बसून गेल्यावर मिळणाऱ्या न्यायापेक्षा मार बसूच नये अशी तजवीज जास्त मोलाची.

त्याच वर्षी, 18 डिसेंबर 1996 रोजी, न्या. कुलदीप सिंग आणि न्या. ए. एस. आनंद यांच्या पीठाने ‘डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. निकालपत्र न्या. आनंद यांनी लिहिलं. छळ वाईट असतो, हे सांगून ते थांबले नाहीत. अटक करताना पोलिसाने काय लिहायचं, कोणाची सही घ्यायची आणि कोणाला कळवायचं, याची अकरा कलमं त्यांनी घालून दिली. ती पाळली नाहीत तर खात्याची कारवाई होईलच, वर न्यायालयाच्या अवमानाचा खटलाही चालेल, अशी तंबीही दिली.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे राज्यघटनेच्या 22व्या अनुच्छेदात पहिल्यापासून होतं. मात्र 24 तास मोजायचे कुठून? माणसाला मंगळवारी रात्री उचलायचं, दोन दिवस ठाण्यात ‘चौकशीसाठी बसवून’ ठेवायचं आणि गुरुवारी संध्याकाळी अटक दाखवायची, ही सगळ्यांना ठाऊक असलेली वाट होती. कागदावर कायदा मोडलेला दिसतच नाही. मारहाण व्हायची ती याच नोंद नसलेल्या तासांत.

म्हणून अकरा कलमांतलं सर्वांत कळीचं कलम दिसायला अगदी कारकुनी आहे. अटक होत असतानाच एक मेमो करायचा. त्यावर तारीख आणि वेळ घालायची. घरचं माणूस किंवा मोहल्ल्यातलं प्रतिष्ठित माणूस यांपैकी किमान एकाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि खाली अटक झालेल्यानेही सही करायची. बाकीची कलमंही अशीच. पोलिसांच्या छातीवर नाव आणि हुद्दा वाचता येईल अशी पट्टी हवी. अटक झालेल्याने मागणी केली तर अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तिथल्या तिथे नोंदवायच्या, त्या कागदावर त्याची आणि पोलिसाची सही आणि एक प्रत त्याच्या हाती. कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी. सगळ्या कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे. जखमांचा कागद दोन्हीकडून उपयोगी पडतो, हे फारसं बोललं जात नाही: आधीच्या भांडणात लागलेला मार पोलिसांच्या माथी मारायची सोयही त्याने राहत नाही.

नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असतील तर आठ ते बारा तासांत तारेने कळवा, असंही एक कलम होतं. भारतातली तारसेवा जुलै 2013मध्ये बंद झाली. काही पोलीस ठाण्यांच्या भिंतीवर या नियमांचे जे फलक होते, त्यांवर ती तार त्यानंतरही शाबूत होती.

न्यायालयाने हे नियम आकाशवाणी-दूरदर्शनवरून आणि स्थानिक भाषेतल्या पत्रकांतून लोकांपर्यंत न्या, असंही सुचवलं होतं. यातले बरेच नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत कलमं म्हणून यायला मात्र नोव्हेंबर 2010 उजाडलं. आता 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 36व्या कलमात अटकेचा मेमो आहे, 38व्यात चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. 37व्या कलमानुसार प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमायचा आणि ती माहिती ठळकपणे लावायची. 1986च्या पत्रापासून 2010मध्ये कायद्याच्या पुस्तकात येईपर्यंतचा प्रवास चोवीस वर्षांचा.

एवढ्याने पोलिसांचा हात थांबला का? थांबला असता तर 2 डिसेंबर 2020 रोजी ‘परमवीर सिंग सैनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसकट, आवाज टिपणारे सीसीटीव्ही बसवा आणि चित्रण शक्यतो 18 महिने जपा, असं सांगावं लागलं नसतं. कॅमेरे बसले तरी ते चालू असतात का, हा प्रश्न उरलाच. कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून न्यायालयाने सप्टेंबर 2025मध्ये त्याचीही स्वतःहून दखल घेतली.

तरीही ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाच्या वागण्यात फरक पडला आहे, आणि तो मोठा आहे. पूर्वी ‘साहेब, आमच्या मुलाला सोडा’ ही गयावया असे. माहीतगार माणूस आज ठाणे अंमलदाराला विचारतो: अटक दाखवली आहे का? किती वाजता? मेमोवर सही कोणाची घेतली? उत्तर मिळालं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे फुकट वकील मिळतो. माणूस सापडतच नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे त्याला कोर्टासमोर हजर करा असं मागणारी, याचिका आहे. दुसऱ्या बाजूला अंमलदारालाही ठाऊक असतं, की खोटी वेळ घातली आणि फोनच्या नोंदींनी ती उघडी पाडली तर पंचाईत त्याचीच होणार.

जिथे कागद पोहोचत नाही तिथे कायदा अजूनही दुबळा आहे. कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाने गृहीत धरावं, ही तरतूद विधी आयोगाने 1985मध्ये सुचवली होती. 2023मध्ये पुरावा कायदा बदलला, तेव्हाही ती आली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर 1997मध्ये सही केली. पण त्याला अंतिम संमती दिलेली नाही. त्यासाठी आणलेलं विधेयक 2010मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. त्यामुळे कोठडीत कोणी दगावलं, की पहिली लढाई आजही दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत, शवविच्छेदनाचा अहवाल आणि अटकेचा मेमो शेजारीशेजारी ठेवून लढावी लागते.