अधिकार पाहून वाहन

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी आरंभिलेले कार्य सिद्धीस जाते, या श्रद्धेने आमच्या वाशीम नगरीत सकाळपासूनच नव्या मोटारसायकली श्रीबालाजीच्या दर्शनास येऊ लागतात. झेंडूची माळ, हळदीकुंकू, श्रीफळ, चाकाखाली लिंबू, आणि वाहनापाशी नुकतेच मिसरूड फुटलेला, हर्षभरित मुलगा. तो सोहळा पाहून कोणासही आनंदच वाटेल. तथापि एक प्रश्न मनास शिवून जातो. वाहनाचे पूजन झाले. परंतु ते निवडताना त्यावर बसणाऱ्याचा विचार झाला होता काय?

गतवर्षी हा प्रसंग आमच्याच घरी आला. नातवास अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. "आजोबा, घेईन तर बुलेटच!" असा त्याचा हट्ट. मी एवढेच म्हटले, "बापू, घे, पण आधी तिच्यावर बसून दोन्ही पाय टेकव आणि मग तिला दहा पावले मागे ढकलून दाखव." दुकानात त्याने बसून पाहिले. टाचा अधांतरी राहिल्या आणि मागे ढकलताना गाडी एका अंगास कलली, ती दोघांनी सावरली. बुलेट ३५० चे वजन सुमारे १९५ किलो, तर शंभर सीसीच्या स्प्लेंडरचे सुमारे ११२ किलो. हे अंतर कागदावर किरकोळ वाटते. पडत्या गाडीला सावरताना त्याचा खरा अर्थ कळतो.

वेदान्तग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. त्यांत अधिकारी प्रथम. ग्रंथ थोर असेल, पण वाचणारा त्याच्या योग्यतेस पोहोचला आहे काय? वाहनासही हाच न्याय लागू पडतो. अधिकार म्हणजे ऐपत नव्हे. सोयाबीनचे चार पैसे हाती आले म्हणून अधिकार येत नाही. तो सरावाने येतो.

नवशिक्याने प्रथम १०० ते १२५ सीसीची, हलकी आणि बेताच्या उंचीची गाडी पाहावी. दोन्ही तळपाय भुईवर सपाट टेकावेत, हात न ताणता हँडल यावे, क्लच बोटांना जड जाऊ नये. दुसरी पाहण्याची गोष्ट ब्रेक. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांस एबीएस, म्हणजे एकाएकी ब्रेक दाबला असता चाक जखडू न देणारी योजना, सक्तीची आहे. लहान गाड्यांत निदान जोडब्रेक असतो. एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांवर रोध येतो. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांमुळे रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल पसरतो, त्यावर घसरताना या योजनेचे मोल कळते.

प्रयोजनही पाहावे. महाविद्यालयात जाणे, मंगरूळपीर-रिसोडची फेरी, शेतावर डबा पोहोचविणे, यांस लहान गाडी पुरते, पेट्रोलही कमी लागते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो खरा, पण दुचाकीस तेथे प्रवेशच नाही. मग तेथील वेगाची हौस नव्या स्वाराने का धरावी? किंमत विचारताना विमा, नोंदणी आणि शिरस्त्राण हेही हिशोबात धरावे. नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा आरंभीच घ्यावा लागतो. हेल्मेटवर भारतीय मानकाची, म्हणजे आय.एस.आय. ची, खूण असावी, ते डोक्यास घट्ट बसावे आणि त्याचा पट्टा लावलेला असावा. हँडलला अडकविलेले हेल्मेट कोणाचेही रक्षण करीत नाही.

दसऱ्याच्या शमीवृक्षाशी निगडित असलेली एक कथा आपण सर्व जाणतो. विराटपुत्र उत्तराने अंतःपुरात मोठ्या गर्जना केल्या: सारथी मिळाला असता तर मी एकटा कौरवांना जिंकले असते! बृहन्नडा सारथी झाली, रथ रणाकडे निघाला, आणि कौरवसेना दृष्टीस पडताच राजपुत्र रथातून उडी टाकून पळत सुटला. रथ उत्तम होता, घोडे उत्तम होते. उणीव स्वाराच्या तयारीची होती. परंतु कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. अर्जुनाने त्यास हिणविले नाही. त्यास धीर देऊन परत आणले, शमीवरील शस्त्रे उतरवून घेतली आणि त्याच उत्तरास सारथ्य दिले. आधी त्याने लगाम धरले, धनुष्य अर्जुनापाशी राहिले.

वडीलधाऱ्यांनी हेच करावे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तोवर मागे शिकविणाऱ्याखेरीज कोणासही बसविण्यास मनाई आहे. ते तीस दिवस पहाटे मोकळ्या मैदानात घालवावेत. मग गल्ली, मग पेठ, आणि सर्वांत शेवटी अकोला-हिंगोलीचा महामार्ग. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती तर किल्ली देऊच नये. २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार त्यासाठी पालकासच तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. कायद्याचे भय नसते तरी त्या घरच्या माउलीचे डोळे दाराकडे लागलेले असतात, याचे स्मरण पुरेसे आहे.

नातवाने शेवटी लहान गाडी घेतली. सुरुवातीस रुसला. वर्षभरात दोनदा घसरला; एकदा काळ्या चिखलात, एकदा रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर. दोन्ही वेळा गाडी हलकी म्हणून स्वतःच उभी केली आणि घरी आला. यंदा बुलेटचे नाव काढले, तेव्हा मी नाही म्हटले नाही. "आणखी एक पावसाळा जाऊ दे," एवढेच म्हणालो.

पूजा करताना माळ क्लच किंवा ब्रेकच्या दांडीत गुंतणार नाही, उदबत्ती पेट्रोलच्या टाकीपासून दूर राहील, हे पाहावे, आणि निघण्यापूर्वी माळ व लिंबू काढून ठेवावे. आपट्याचे सोने लुटून सीमोल्लंघन करणाऱ्या प्रत्येक मुलाने सायंकाळी सुखरूप घरी यावे. औक्षणाचे तबक त्याची वाट पाहत असते.